पन्हा, कळी आणि बारा बंद

आकुर्डीचा मुक्काम आटोपून तुकोबांची पालखी पुण्याकडे निघते, त्या दिवशी दापोडीचा रस्ता सकाळपासूनच पांढराशुभ्र होऊन जातो. वर मेट्रोचा पूल, एका अंगाला लोहमार्ग, दुसऱ्या अंगाला सीएमई या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाची लांबच लांब भिंत आणि मधून दिंड्यांमागून दिंड्या हॅरिस पुलाकडे सरकत असतात. पुलाखालून मुळा वाहते. पूल ओलांडला की बोपोडी. लांबून बघणाऱ्याला सगळे वारकरी सारखेच वाटतात: धोतर, टोपी, गळ्यात तुळशीची माळ आणि अंगात पांढरं काहीतरी.

ते ‘काहीतरी’ जवळून पाहिलं की सारखेपणा संपतो. कोणाच्या अंगात मांडीपर्यंत येणारा, दोन्ही बाजूंना चिरे दिलेला नेहरू शर्ट. कोणाची बिनकॉलरची, गळ्याशी दोन-तीन गुंड्या असलेली पैरण. वयस्कर मंडळींच्या अंगात मांजरपाटाची बंडी. तिला बाहेरून दोन ऐसपैस खिसे आणि आतून चोरखिसा; त्या चोरखिशात घडी घातलेल्या नोटा आणि आधार कार्ड. काही जण कोपरापर्यंतच्या बाह्यांची कोपरी घालून आलेले. आणि एखाद्या दिंडीतल्या विणेकऱ्याच्या छातीवर गुंडी दिसतच नाही. कापडाचा एक पदर दुसऱ्यावर घेऊन बारीक नाड्यांनी बांधलेला असतो. ती बाराबंदी.

भजन रंगात येतं, टाळ डोक्याच्या वर जातात, माणसं उड्या घेऊ लागतात. अशा वेळी तरण्या पोरांचे तयार शर्ट कमरेपासून वर ओढले जातात आणि आतलं बनियन दिसतं. शेजारच्या म्हाताऱ्याचे हातही तितकेच वर असतात, पण त्याची पैरण जागची हलत नाही.

संपादकांनी या लेखासाठी ‘अंगावरचं कापड’ हा विषय देताना पैठणीला हात लावायचा नाही, अशी अट घातली होती. अट रास्तच म्हणायची. वस्त्रपरंपरा म्हटलं की मराठी लेखणी साडीपाशी जाऊन थांबते आणि अंगातल्या सदऱ्याकडे कोणी बघत नाही. वास्तविक अंगरखा, पैरण, कुडतं, बंडी या गोतावळ्याचे भाऊबंद पेरूपासून घानापर्यंत पसरलेले आहेत. आणि ते कसे दिसावेत, हे शिंप्याने कमी आणि मागाने जास्त ठरवलेलं आहे.

कात्री थोडी, फाडणं फार

दापोडी स्टेशनाकडे जाणाऱ्या एका बोळात, दोन माणसं आत गेली की तिसऱ्याला जागा उरत नाही एवढं टेलरचं दुकान आहे. दुकानदार मूळचे सोलापूरचे. थोरला भाऊ एसटीच्या वर्कशॉपला लागला, त्याच्या मागोमाग हेही आले. वर्षभर जीन्सची उंची कमी करणं, शाळेचे गणवेश, पंजाबी ड्रेस, आल्टरेशन. पालखीच्या आधी पैरणी आणि बंड्या. दिवाळी सरली की बाराबंद्या, कारण पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कंपन्यांत कामाला आलेली सोलापूरची मंडळी संक्रांतीच्या यात्रेला गावी जातात.

टेबलावर पांढरं सुती कापड पसरलं जातं. पन्हा ३६ इंची. काठाला कात्रीने बोटभर चीर देतात आणि मग दोन्ही हातांनी कापड टर्रकन फाडतात. नवख्याला दचकायला होतं.

“कात्रीने वाकडं जातंय बघा,” ते म्हणतात. “फाडलं की धाग्याधाग्याने जातंय. दोऱ्याच्या बाहेर जाऊच शकत नाही.”

सगळी मख्खी इथेच आहे. बाराबंदीच्या जवळजवळ सगळ्या तुकड्यांच्या कडा सरळ असतात. पाठ आणि पुढचा भाग मिळून एक लांब पट्टी. ती खांद्यावर दुमडायची, म्हणून खांद्याला शिवण नाही. बाह्या म्हणजे दोन चौकटी. घेर हवा म्हणून बगलेखाली कळ्या लागतात, त्यासाठी एक आयत घेऊन तो कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरका कापायचा. दोन त्रिकोण मिळतात. त्यातला एक उलटा केला की डावी-उजवी जोडी तयार. ही एवढीच काय ती तिरपी कात्री. त्यानंतर गळा. आणि शेवटी काखेत बसवायचा तळहाताएवढा चौकोनी तुकडा.

बाराबंदीचं आणि पैरणीचंही सगळं इंगित त्या चौकोनात आहे. हात वर गेला की तो तुकडा पंख्यासारखा उलगडतो आणि बाहीला लागणारं जास्तीचं कापड पुरवतो, त्यामुळे खालचा घेर ओढला जात नाही. कॉलरच्या शर्टाचं काम उलट असतं. तिथे मुंढा गोल कापून बाही त्यात बसवतात. हात खाली असताना तो अंगाला चापूनचोपून बसतो, वर नेला की सगळा शर्ट सोबत घेऊन जातो. पालखीत बनियन का दिसत होतं, त्याचं उत्तर हे.

मग बंद. बोटभर रुंदीच्या पट्ट्या दुमडून, शिवून, सुईने आतली बाजू बाहेर काढायची. हे काम किचकट, वेळखाऊ. मशीनवर बसलेला माणूस ते शक्य तेवढं पुढे ढकलतो. बारा बंद म्हणजे सहा जोड्या. काही आतल्या पदराला, काही बाहेरच्या. पोट सुटलं तर गाठ सैल बांधायची, वारी करून उतरलं तर घट्ट. गुंडी नसल्याने दगडावर आपटून धुतलं तरी फुटण्यासारखं काही नसतं.

काम संपल्यावर खाली उरलेल्या चिंध्या गोळा केल्या तर त्या मुठीत मावतात.

आता ५८ इंची पन्ह्याचं कापड सर्रास मिळतं. त्यात बाराबंदी एका अंगाने, कमी जोडांत निघू शकते. मग हे जुनं गणित कशाला, असं विचारलं तर ते खांदे उडवतात. कळी कमी केली तरी चालेल, चौकोन काढला तर गिऱ्हाईक परत येणार, हा त्यांचा अनुभव.

हाताची झेप

३६ इंची पन्हा हीही तशी श्रीमंतीच. हातमागावर विणकर एका हाताने धोटा फेकतो आणि दुसऱ्या हाताने झेलतो. कापडाची रुंदी त्या दोन हातांच्या आवाक्यातच राहते. इंग्लंडात जॉन के याने 1733 मध्ये झटक्याचा धोटा काढला, दोरी ओढली की धोटा आपोआप पलीकडे जाऊ लागला आणि पन्हा वाढला. आपल्याकडच्या खड्डामागांवर ही सुधारणा सरसकट पोचायला विसावं शतक उजाडलं. तोवर जगभरच्या शिवणकलेने अरुंद कापडाशी जमवून घेतलं होतं.

जपानी किमोनोचं कापड जेमतेम ३६ सेंटिमीटर रुंद असतं आणि सुमारे १२ मीटर लांब. अख्खा किमोनो या एका पट्टीच्या सरळ तुकड्यांतून उभा राहतो. तिबेटी स्त्रिया चुबा या झग्यावर जो पट्ट्यापट्ट्यांचा पांगदेन, म्हणजे एप्रन, बांधतात, तो तीन अरुंद विणी शेजारी शेजारी जोडून केलेला असतो.

घानाच्या उत्तर भागातला फुगू तर या बाबतीत कडेलोट आहे. तिथले विणकर चार बोटांची, साधारण १० सेंटिमीटर रुंदीची सुती पट्टी विणतात. मैलभर वाटावी इतकी लांब पट्टी गुंडाळून ठेवायची, मग तुकडे पाडून एकाला एक शिवत जायचं. उभ्या पट्ट्यांचा, खाली घेरदार झगा तयार होतो. शेतकऱ्यांचा आणि घोडेस्वारांचा हा वेश. 6 मार्च 1957 ला घाना स्वतंत्र झाल्याची घोषणा करताना क्वामे एन्क्रुमा यांनी सूट बाजूला ठेवला आणि फुगू घातला. आपल्याकडे खादीच्या टोपीने आणि सदऱ्याने जे काम केलं, ते तिथे चार बोटांच्या पट्टीने केलं.

पेरूच्या इंकांनी कात्रीचा प्रश्नच मिटवून टाकला होता. त्यांचा ‘उंकू’ हा बिनबाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा अंगरखा मागावरूनच जवळपास तयार उतरायचा. उभे धागे सुताचे किंवा अल्पाकाच्या लोकरीचे, आडवे रंगीत लोकरीचे. विणतानाच मधोमध गळ्यासाठी फट सोडायची, कापड मागावरून काढून दुमडायचं, दोन्ही बाजू हातांसाठी जागा ठेवून शिवायच्या. संपलं. सम्राटाने पराक्रमी सरदाराला असा उंकू देणं हा मोठा मान. सातारच्या छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रं घेणाऱ्यांच्या मुलखात ही गोष्ट फोड करून सांगायला नको. यातला सर्वांत नावाजलेला उंकू वॉशिंग्टनच्या डंबार्टन ओक्स संग्रहात आहे. त्याच्यावर अंगभर लहान लहान चौकटी आहेत आणि प्रत्येकीत भौमितिक नक्षी.

सगळ्यांत म्हातारा मात्र इजिप्तचा. फ्लिंडर्स पेट्री या उत्खननकाराने 1913 मध्ये तारखान इथल्या एका थडग्यातून मळक्या कापडांचं एक बोचकं काढलं आणि ते तसंच पडून राहिलं. 1977 मध्ये साफसफाईसाठी ते उलगडलं तेव्हा आत जवसाच्या धाग्याचा, म्हणजे लिननचा, बाह्या आणि खांद्याला बारीक चुण्या घातलेला अंगरखा निघाला. पुढे कार्बन पद्धतीने वय काढलं; तो इसवी सनापूर्वी 3482 ते 3102 या काळातला ठरला. कोपराला आणि काखेत सुरकुत्या होत्या, म्हणजे तो कोणीतरी वापरलेला. शिवाय तो उलटा होता. डोक्यावरून ओढून काढला की होतो तसा. पाच हजार वर्षांपूर्वीचा कोणीतरी माणूस कपडे उलटेच टाकायचा, हे वाचून अनेक घरांतल्या आया सुस्कारा सोडतील.

आणि दापोडीतलाच एक भाऊबंद सांगायचा राहिला. संध्याकाळी रस्त्याकडेला चायनीजच्या गाड्या लागतात, सोसायट्यांच्या फाटकांवर रखवालदार बसतात. त्यांतले कितीतरी नेपाळचे. रोज त्यांच्या अंगात जाकीट आणि टी-शर्ट. पण दसऱ्याला, म्हणजे त्यांच्या दशैंला, गावी गेलेल्यांचे फोटो मोबाईलवर येतात तेव्हा त्यात दौरा-सुरुवाल दिसतो. दौरा म्हणजे बाराबंदीचा सख्खा चुलतभाऊ. तसाच एकावर एक पदर, तशाच नाड्या. फक्त बाराऐवजी आठ. शिंप्याच्या दुकानात हा फोटो दाखवला तेव्हा त्यांनी आधी काख बघितली.

चांडोलीचा दोरा

शिवलेले कपडे आपल्याकडे मुसलमानी अमलात आले, त्याआधी सगळे धोतर-उपरण्यावर होते, असं छातीठोकपणे सांगणारे अजून भेटतात. त्यांनी एकदा अजिंठ्याला जावं. पहिल्या आणि सतराव्या लेण्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रांत लांब बाह्यांचे अंगरखे घातलेले सेवक आहेत, टोप्या-झग्यातले परदेशी पाहुणेही आहेत. राजे आणि राण्या मात्र बहुतेक उघड्या अंगाने, दागिन्यांनी मढलेल्या. म्हणजे शिवता येत होतं, पण शिवलेलं घालणं हा बड्या लोकांचा थाट नव्हता. मालवणचे गो. स. घुर्ये यांनी 1951 मध्ये भारतीय वेशभूषेवर अख्खा ग्रंथ लिहिला. समाजशास्त्रज्ञाने कपड्यांवर एवढे कष्ट घ्यावेत, हे तेव्हा अनेकांना नवल वाटलं असेल.

कापड मातीत टिकत नाही, ही आपली मोठी अडचण. इजिप्तची वाळू कोरडी; दख्खनच्या काळ्या मातीत पावसाळा आला की सगळं कुजतं. तरीही चमत्कार घडतात. चाकणवरून नाशिक रस्त्याने पुढे मंचर लागतं. तिथून जवळ, घोड नदीच्या काठी चांडोली आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांना तिथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत तांब्याच्या मण्यांची एक माळ मिळाली. मण्यांच्या भोकांत दोरा शिल्लक होता. तांब्याच्या क्षारांनी जंतूंना लांब ठेवलं आणि दोरा वाचला. तपासणीत तो जवसाच्या झाडाचा निघाला, तारखानच्या अंगरख्याचा जो धागा तोच. नेवाशाला अशाच मण्यांत रेशीम आणि कापूस सापडला. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात, आजच्या चाकण एमआयडीसीपासून तास-दीड तासाच्या अंतरावर, माणसं जवस कातत होती. आता त्याच जवसाची आपण चटणी करतो. धागा मागे पडला, कारण कापूस कातायला सोपा आणि उन्हाळ्यात घाम टिपायला बरा.

लोकरीचं काय झालं, हाही प्रश्न रास्त आहे. दख्खनी मेंढी काही कमी नाही. पण तिची लोकर भरड, त्यात केसच जास्त. अशा लोकरीचा अंगाला लागणारा सदरा शिवला तर माणूस दिवसभर खाजवत बसेल. म्हणून धनगरांनी आणि सणगरांनी तिची घोंगडी केली. उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ चढवायची, खड्डामागावर विणायची. अरुंद मागावरची असेल तर दोन पट्ट्या मधोमध शिवायच्या. खळीने घोंगडी ताठ होते आणि पाऊस वरच्या वर निथळतो. तिची एक बाजू दुमडून डोक्यावर घेतली की खोळ. गळा नाही, बाही नाही, खोळ करायला एक टाकाही लागत नाही, तरी रानात उभ्या माणसाला डोक्यापासून पोटरीपर्यंत झाकते. शिवलेल्या सुती बंडीवर बिनशिवलेली लोकरीची खोळ, ही जोडी मावळात आणि माणदेशात पावसाळाभर चालायची. पालखीत आता खोळीच्या जागी प्लास्टिकचा कागद आला आहे. तो हलका आहे, दहा-वीस रुपयांत मिळतो, आणि आतून घामाने इतका ओला होतो की पाऊस परवडला.

गव्हर्नरची बाग आणि एसटीची डांगरी

दापोडीचं कापसाशी एक जुनं नातं आहे, ते दापोडीकरांनाही फारसं ठाऊक नसतं. पेशव्यांच्या कवायती पलटणीचा कॅप्टन फोर्ड इथे तळ देऊन असायचा. 1817 च्या खडकीच्या लढाईत त्याची पलटण इथूनच निघून इंग्रजांना जाऊन मिळाली. त्याचा बंगला पुढे मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने सरकारासाठी घेतला आणि 1828 मध्ये तिथे वनस्पतीबाग सुरू झाली. साहेबाच्या कागदात तिचं नाव ‘दापुरी’. डॉ. लश हा तिचा एक अधीक्षक. त्याच्याकडे कापूस सुधारण्याचंही काम होतं. त्याच्यानंतर 1838 ते 1847 डॉ. अलेक्झांडर गिब्सन. गिब्सनने एका देशी चित्रकाराकडून बागेतल्या झाडांची चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबराच्या वनस्पतीबागेत जपलेली आहेत. चित्रकाराचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही.

कापूस सुधारायचा म्हणजे काय, तर लँकेशायरच्या गिरण्यांना हवा तसा करायचा. आपल्या गावरान कापसाचा तंतू इंचाहून आखूड. चरख्यावर तो छान कातला जातो, कापड जाडंभरडं पण टिकाऊ होतं. गिरणीच्या चात्या मात्र त्याला सोसत नाहीत; त्यांना इंचापुढचा अमेरिकी तंतू लागतो. मुंबई इलाख्यात या अमेरिकी बियाण्याचे बरेच प्रयोग झाले; धारवाडकडे ते रुजलं, इतरत्र रडतखडत चाललं. कंपनी सरकारच्या हयातीत जे साधलं नाही, ते पुढे संकरित वाणांनी आणि 2002 नंतर बीटी बियाण्याने करून दाखवलं. आज महाराष्ट्रात पिकणारा कापूस जवळपास सगळा अमेरिकी जातीचा आहे. विदर्भात पिकतो, इचलकरंजी-भिवंडीच्या यंत्रमागांवर विणला जातो आणि दापोडीच्या बोळात बाराबंदी होतो. ‘पारंपरिक’ म्हणून आपण जिचा फोटो काढतो, तिचा धागा लश साहेबाला हवा होता त्या जातीचा आहे! गावरान कापसाचं हातकताईचं कापड हवं असेल तर वर्ध्याचं मगन संग्रहालय आणि तशा मोजक्या जागा उरल्या आहेत.

बाग 1865 च्या सुमारास मोडली. त्यानंतरच्या दापोडीची ओळख म्हणजे एसटीचं मध्यवर्ती वर्कशॉप. इथे लाल गाड्यांच्या बॉड्या उभ्या राहतात. पत्रा, रिव्हेट, वेल्डिंग. इथेही कापडाचं शास्त्र आहे, फक्त त्यावर कोणी लेख लिहीत नाही. वेल्डिंगची ठिणगी सुती डांगरीवर पडली तर कापड जळून भोक पडतं, बस. तीच ठिणगी टेरिकॉटवर पडली तर धागा वितळतो आणि कातडीला चिकटतो. म्हणून वेल्डिंगवरचा जुना माणूस बाजारातून कापड आणताना आधी धागा ओढून काडी लावतो.

शिंप्याच्या दुकानात ही परीक्षा पाहायला मिळाली. गिऱ्हाइकाने ‘प्युअर कॉटन’ म्हणून आणलेल्या कापडाचा एक दोरा त्यांनी काढला, चिमटीत धरला आणि पेटवला. सूत असेल तर ते कागदासारखं जळतं, कागदासारखाच वास येतो आणि बोटांनी चुरडली की राख उडून जाते. लोकर किंवा रेशीम असेल तर केस जळल्याचा वास. हा दोरा आक्रसत मागे गेला, टोकाला काळा, कडक मणी झाला.

“निम्मं पॉलिस्टर हाय ह्यात,” ते म्हणाले. गिऱ्हाईक हिरमुसलं, पण कापड ठेवून गेलं. सुरकुत्या पडत नाहीत, इस्त्रीचा ताप नाही, हे त्याचं म्हणणं. तेही खरंच. वारीत रोज कपडे धुऊन रात्रीत वाळवायचे असतात. आषाढाच्या ओलीत शुद्ध सुती पैरण सकाळपर्यंत दमटच राहते. पालखीतल्या पांढऱ्या रंगात टेरिकॉट एवढं दिसतं ते उगाच नाही. शुद्धतेचा आग्रह धरणारे बहुधा मोटारीने पंढरपूरला जातात.

नंदीध्वजाच्या गावाला

दुकानदारांचा खरा हंगाम सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेचा. बाराव्या शतकातले हे शिवयोगी, बसवेश्वरांचे समकालीन. संक्रांतीच्या सुमारास गावातून सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. त्या गर्दीत जिकडे बघावं तिकडे पांढरी बाराबंदी. म्हातारे, कॉलेजची पोरं, बापाच्या खांद्यावरची तीन वर्षांची पिल्लंसुद्धा. सगळ्या जातींच्या अंगात एकच कापड, एकच बांधणी.

नंदीध्वज पेलणाऱ्यांना तर तिच्याशिवाय गत्यंतर नाही. कमरेच्या पट्ट्यावर तो उंच, सजवलेला ध्वज तोलायचा, दोन्ही हात वर धरून पावलं टाकायची. सराव आधीपासून सुरू असतो. इथे मुंढ्याचा शर्ट घातला तर दोन गल्ल्यांत काखेत उसवेल. चौकोनाची किंमत पालखीत दिसते त्याहून इथे जास्त कळते. यात्रेचा शेवट होतो तो कप्पडकळीने: नंदीध्वजांना नेसवलेली वस्त्रं उतरवली जातात. ध्वजालाही वस्त्र नेसवणारं आणि विधिपूर्वक उतरवणारं हे गाव चादरींसाठी प्रसिद्ध व्हावं, हे ओघानेच आलं.

बाराबंदीचं दुसरं रूप फेब्रुवारीत बघायला मिळतं. शिवजयंतीच्या आधी दापोडी-पिंपरीच्या दुकानांबाहेर मुलांचे ‘मावळा ड्रेस’ टांगलेले असतात. भगवं किंवा जांभळं सॅटीन, सोनेरी किनार, छातीवर ऐटदार बंदांची गाठ. गाठ सोडायला गेलं तर सुटत नाही; ती शिवूनच टाकलेली असते आणि उघडायला मागे वेल्क्रो. काखेत चौकोन नाही. पोरगं तलवार उगारायला हात वर नेतं आणि मावळ्याचा अंगरखा बेंबीच्या वर येतो. ज्या अंगरख्यात घोडा आणि दांडपट्टा चालवायचा, त्याचं काखेतलं मर्मच गाळून बाकी सगळं चकचकीत ठेवलं आहे. दुकानदारांना हे दाखवलं तर ते हसतात. एका दिवसाचा कपडा आहे, एवढं कोण बघतो.

दिवाळीच्या तोंडावर दुकानात गर्दी असते ती ब्लाउजांची आणि फॉल-पिकोची. त्यातच चाकणच्या एका कंपनीत कामाला असलेला सोलापूरचा पोरगा यात्रेच्या बाराबंदीचं माप द्यायला आलेला. कापड त्याने आईकडून आणवलंय, सुती आहे. काडी लावून झाली. छाती, बाही, उंची वहीत उतरली. मग पोरगा अडखळत म्हणतो, “काका, खिसा पाहिजे.”

“बाराबंदीला खिसा नसतो रे.”

“मोबाईल कुठं ठेवू मग? लाईव्ह करायचंय.”

दुकानदार कापडाकडे बघत थोडा वेळ गप्प राहतात. बाहेरच्या पदराला खिसा लावला तर फुगवटा दिसणार. आतल्या पदराला लावायचा तर तिसरा बंद आडवा येतो. शेवटी ते आतल्या पदरावर, बंडीला असतो तसा चोरखिसा द्यायचं आणि तिसरा बंद दोन बोटं खाली घ्यायचं ठरवतात. त्यासाठी कळी थोडी वाढवावी लागेल, अर्धा मीटर कापड जास्त लागेल, असं बजावतात. पोरगा कबूल होतो. ते फोन हातात घेतात, टेप लावतात आणि वहीत उंचीच्या खाली एक ओळ वाढवतात: मोबाईल, साडेसहा इंच.